खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस आणि सुटलेली विडी



घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवरच्या एका वस्तीत आम्ही बीपी-शुगर तपासायला बसलो होतो. विहारासमोर टेबल मांडले होते. रिक्षा दुरुस्तीचे काम करणारे एक दादा आले. वय सत्तेचाळीस. दंडाला पट्टा बांधायला जवळ गेलो तसा विडीचा वास आला. आम्ही नेहमीचे वाक्य बोललो, "दादा, विडी सोडा आता." दादा हसले. म्हणाले, "ताई, तीनदा सोडली. सोडायला मला येतं. सुटलेली ठेवायला येत नाही."

त्यांचे हे बोलणे मनाला लागले, कारण त्यात आमचीच चूक होती. नर्सची नोकरी करत होतो तेव्हा घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आम्ही सांगायचो, "विडी, तंबाखू बंद." अर्ध्या मिनिटात काम संपायचे. क्षयाचा एक रुग्ण दोनदा दाखल झाला. दोन्ही वेळा विडी सुटली नाही म्हणून आम्ही त्याला रागावलो. तुम्ही केव्हा ओढता, कुणासोबत ओढता, सोडल्यावर काय होते, हे एकदाही विचारले नाही. तिसऱ्या वेळी त्याची बायको एकटीच आली, उरलेल्या गोळ्या परत करायला. ती बाई आम्हाला अजून दिसते.

म्हणून या वेळी आम्ही पट्टा सोडला आणि दादांना विचारले, "दिवसातली पहिली विडी कुठे?" ते म्हणाले, "खुराड्यापाशी."

खुराड्यापाशी जमणारी माणसे

त्या वस्तीत सात घरांत गावठी कोंबड्या आहेत. कुणाच्या चार, कुणाच्या बारा. पोटमाळ्याच्या शिडीखाली, संडासाच्या वाटेला, डोंगराच्या कडेला फळ्या-जाळी ठोकून केलेली खुराडी. घूस आणि मुंगूस यांची भीती सगळ्यांना सारखी, त्यामुळे राखणही मिळून.

या सात घरांना एकत्र आणले ते लसीने. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग आला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्यासाठी पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा लागतो. पण लसीच्या एका बाटलीत बहुधा शंभर पिल्लांचा डोस असतो. एकदा कालवली की ती थंड ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून सात घरांनी पिल्ले एकाच सुमारास काढायची, वर्गणी काढून एकच बाटली आणायची, असे ठरले. त्यातून रोज सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला खुराड्यांपाशी बसण्याची सवय लागली. कोंबड्या सोडायच्या, कोंडायच्या, आणि त्या निमित्ताने विडी पेटवायची. सातांपैकी पाच जण ओढणारे. चार पुरुष आणि एक आजी.

विडी ओढण्याचा कट्टा तोच आणि एकमेकांची लस सांभाळणारा कट्टाही तोच. आम्ही दादांना म्हणालो, "तीनदा तुम्ही एकट्याने सोडली आणि परत याच कट्ट्यावर येऊन बसलात. या वेळी कट्ट्यानेच सोडायची का?" दादा काही बोलले नाहीत. आजी बोलल्या, "माझी कोंबडी खुडूक झालीय. तिला बसवते त्या दिवशी विझवू सगळे."

एकट्याला का जमत नाही

हा दोष मनाच्या कमकुवतपणाचा नाही. विडी-सिगारेटच्या धुरातले निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि बरे वाटवते. दोन-एक तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. रात्रभर झोपून उठल्यावर ते फारच उतरलेले असते. म्हणून सकाळची पहिली विडी सगळ्यांत गोड लागते आणि तीच सोडायला सगळ्यांत अवघड जाते.

दुसरी गोष्ट सवयीची. जागा, वेळ, माणसे, चहाचा वास, संडासची रांग, यांतले काहीही समोर आले की हात खिशाकडे जातो. शरीराची ओढ काही आठवड्यांत कमी होते, जागेची आणि माणसांची ओढ महिनोन्महिने राहते. घरात निश्चय करून बाहेर त्याच कट्ट्यावर बसणारा माणूस रोज परीक्षेला बसतो. गटाने सोडणाऱ्यांना, फक्त माहिती वाचून एकट्याने सोडणाऱ्यांपेक्षा यश जास्त येते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. गटासाठी मोठी संस्था लागत नाही. रोज एका ठरलेल्या वेळी भेटणारी, एकमेकांवर विश्वास असणारी चार माणसे पुरतात.

कोंबड्यांसाठीही विडी वाईट

कट्ट्याला पहिल्यांदा पटले ते स्वतःच्या छातीचे नव्हे, कोंबड्यांचे. पक्ष्यांचे फुप्फुस फार नाजूक असते. फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि वाईट हवा त्यांना लवकर बाधते. ब्रूडरमध्ये म्हणजे पिल्लांच्या उबेच्या खोक्याजवळ धूर कोंडला तर पिल्लांना त्रास होतो. खाली फेकलेले थोटूक कोंबडी चोचीत घेते, आणि निकोटीन हे विष आहे. तंबाखूचा अर्क शेतात आणि खुराड्यात किडे, उवा मारायला पूर्वी जगभर वापरत. उवा मरतात त्याच वस्तूचा धूर आपण छातीत भरून घेतो, हे आजींना लगेच कळले. त्यात खुराड्यात कोरडे तूस, प्लायवूड, गोणपाट. एक जळते थोटूक आणि लागून असलेल्या दहा घरांना आग.

माणसांचे नुकसान तर आपल्याला माहीत आहेच, तरी तीन गोष्टी पुन्हा सांगतो. एक, विडी-सिगारेट ओढणाऱ्याला क्षयाचा धोका सुमारे दुप्पट असतो. आपल्या दाट वस्त्यांत ही गोष्ट विसरून चालणार नाही. दोन, दहा बाय बाराच्या खोलीत दारात उभे राहून ओढले तरी धूर आत येतो. मुलांचा दमा, न्यूमोनिया, कानाचे दुखणे यांत त्याचा हात असतो. तीन, विडी पानाची म्हणून सौम्य, हा गैरसमज आहे. ती विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार ओढावी लागते, त्यामुळे धूर खोल जातो.

एकवीस दिवसांचा वायदा

कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. विडी सोडल्यावर शरीराचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. दोन्ही मुदती जवळजवळ सारख्या. म्हणून कट्ट्याने आजींच्या खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली आणि त्याच सकाळी पाचही जणांनी उरलेली बंडले पाण्यात बुडवली. तुम्हीही असा दिवस ठरवा. आठवडाभर आधी ठरवा, म्हणजे तयारी होते. तयारी अशी.

• एका कागदावर दिवसातल्या सगळ्या विड्या लिहा : वेळ, जागा, सोबत कोण. दादांच्या यादीत सोळा विड्या निघाल्या. त्यांतल्या नऊ ठरलेल्या वेळच्या होत्या.

• प्रत्येक वेळेसाठी दुसरे काम लिहा. सकाळी साडेसहाला विडीऐवजी खुराडे झाडणे, पाणी बदलणे, अंडी मोजणे. रात्री नऊला कोंबड्या मोजून कोंडणे.

• घरातील आणि रिक्षातील बंडले, काडेपेटी, लायटर बाहेर काढा. सुट्या विड्या विकत घेऊ नका. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर काय चालते ते तुम्ही पाहताच. "एकच घेतो" या वाक्याने सगळे सुरू होते.

• घरातल्यांना आणि कट्ट्याला तारीख सांगा. लपवून सोडलेली विडी लपवून परत पेटते.

आता दिवस कसे जातात ते पाहू.

पहिले तीन दिवस : चिडचिड, डोके जड, झोप उडणे, भूक जास्त. ओढ आली की ती साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते. तेवढी पाच मिनिटे काढायची. थोडे थांबायचे, घोटघोट पाणी प्यायचे, खोल श्वास घ्यायचा, हाताला काम द्यायचे. आमचे दादा या वेळी कोंबड्यांना बाजरी टाकायचे. कोंबड्या जाड झाल्या, असे आजी म्हणतात.

पहिला आठवडा : खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो. छाती साफ होऊ लागल्यावर असे होते, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त असेल तर क्षयाची तपासणी करा, ती सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत मोफत असते. पुरुषांची मोठी तक्रार म्हणजे "विडीशिवाय पोट साफ होत नाही". ही खरी अडचण आहे, कारण निकोटीन आतड्याला चालना देते. उठल्याउठल्या दोन पेले कोमट पाणी, दहा मिनिटे चालणे, रोज पपई, केळे किंवा पालेभाजी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी. दहा-पंधरा दिवसांत पोट सवय बदलते. रांगेत उभे राहताना विडीऐवजी कट्ट्यावरच्या सोबत्याला सोबत घ्या.

सातवा दिवस : कोंबडीखालचे अंडे टॉर्चसमोर धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. कट्ट्याने त्या रात्री अंडी पाहिली. दोन कोरी निघाली, नऊ भरलेली. माणसाच्या शरीरात जे बदलते ते असे टॉर्चने दिसत नाही, म्हणून लिहून ठेवा. शेवटची विडी विझल्यावर वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरतो. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नेहमीच्या पातळीवर येतो. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसाचे काम सुधारते. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

सोबत्याने काय करावे, काय करू नये

या लेखातला मुख्य भाग हाच आहे, कारण सोडणाऱ्याला उपदेश करणारे पुष्कळ असतात.

रोज एकदा विचारा, पण "ओढली का?" असे पोलिसासारखे नको. "आज कुठली वेळ कठीण गेली?" असे विचारा. त्याने सांगितले की ऐकून घ्या. चिडला तर पहिले तीन-चार दिवस चिडू द्या.

कठीण वेळी हजर राहा. ज्याची ओढ रात्री नऊला येते त्याला सकाळी फोन करून उपयोग नाही. कट्ट्याने प्रत्येकाची सर्वांत कठीण वेळ वाटून घेतली होती. दादांची पहिली विडी सकाळी साडेसहाची, म्हणून सव्वासहाला शेजारचे भाऊ दार वाजवायचे, "चला दादा, कोंबड्या ओरडताहेत."

जो अजून ओढतो त्याने सोडणाऱ्यासमोर ओढू नये. एवढी मदत सगळ्यांना जमते.

टोमणे, पैज आणि दंड नको. "बघू किती दिवस टिकतोस" म्हणणारा माणूस ओढणाऱ्याला मदतच करतो, पण ओढायला.

पैशाचा हिशेब समोर ठेवा. समजा रोज वीस रुपयांच्या विड्या जात असतील, तर महिन्याला सहाशे आणि वर्षाला सात हजार तीनशे. कट्ट्याने खुराड्याच्या फळीवर खडूने हा आकडा लिहिला आणि रोज वीस-वीस रुपये डब्यात टाकले. दाणा आणि पुढची लस त्यातूनच आली.

कोंबडी उठली तर

बाराव्या दिवशी दादांचे भाडे थकल्यावरून घरमालकाशी भांडण झाले. त्या रात्री त्यांनी दोन विड्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कट्ट्यावर आले नाहीत. दार वाजवले तरी उघडेनात. शेवटी आजी गेल्या. त्यांनी एवढेच विचारले, "कोंबडी दिवसातून एकदा अंड्यांवरून उठते. दाणा खाते, पाणी पिते, विष्ठा करून येते. ती उठली म्हणून तू अंडी फेकून देतोस का?"

कोंबडी वीस मिनिटे उठली तर अंडी मरत नाहीत, ती परत बसली की ऊब चालू होते. विडीचेही तसेच. एक विडी म्हणजे चूक झाली. त्या चुकीला "गेलं सगळं" म्हणून पूर्ण बंडल विकत घेतले की ती हार होते. घसरलात तर त्याच दिवशी सोबत्याला सांगा, कशामुळे ओढली ते कागदावर लिहा, आणि पुढच्या दिवसापासून मोजणी चालू ठेवा. बहुतेकांची विडी पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. आधीचे प्रयत्न वाया गेले असे समजू नका, त्यांतून आपली कठीण वेळ कळते.

एकविसाव्या दिवशी नऊपैकी सात पिल्ले निघाली. पाच जणांपैकी तिघांनी तोवर विडीला हात लावला नव्हता. दादांनी बाराव्या दिवसानंतर लावला नव्हता. एक भाऊ चौथ्या दिवशीच परत ओढायला लागले. त्यांना कुणी कट्ट्यावरून उठवले नाही. आज वर्षभरानंतर तिघे पूर्ण सुटलेले आहेत, दादा त्यांत आहेत. आजी अधूनमधून ओढतात आणि स्वतःच सांगतात. ते भाऊ पुढच्या खुडूक कोंबडीची वाट पाहत आहेत.

औषधाची मदत

सोबत पुरी पडत नसेल तर औषध घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनची च्युइंगम किंवा पट्टी वापरली तर सुटण्याची शक्यता जवळजवळ दीडपट होते. दोन मिलिग्रॅमची च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत विडी लागत असेल तर चार मिलिग्रॅमची लागू शकते, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने. ही साध्या गमसारखी चावायची नाही. हळू चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा हळू चावायची. असे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, आंबट पेय घेऊ नका. गरोदर बहिणींनी आणि हृदयविकार झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तंबाखूच्या पाकिटांवर तो छापलेला असतो. मराठीत बोलता येते. समुपदेशक आपल्या तारखेनुसार पुन्हा फोन करतात. मोबाइलवर संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या. जवळच्या पालिका रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा.

विडी सुटली, मशेरी नको

इथे एक धोका सांगणे आवश्यक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, पण तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. विडी सोडून तंबाखू मळायला लागणे किंवा गुटखा धरणे म्हणजे सुटका नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या हातोहात मिळतात. बहिणींनो, मशेरीही तंबाखूच आहे. भाजली म्हणून तिचे विष जात नाही. दात दुखतात म्हणून लावत असाल तर दात दाखवा, मशेरी नको. कोंबड्यांच्या कट्ट्यावर मशेरीवाल्या बायकांनाही बसवा. पुढचे एकवीस दिवस त्यांचे.

शेवटी

आपल्यात विडी वळून घर चालवणाऱ्या आया-बहिणी आहेत. या लेखाचा बोट त्यांच्याकडे नाही. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना संघटित केले. जानेवारी १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. विडी वळणाऱ्याला रास्त मजुरी आणि दुसरे काम मिळावे, आणि ओढणाऱ्याची छाती वाचावी, या दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत.

तुमच्या वस्तीत कोंबड्या नसतील तर पाण्याच्या नळावर, विहाराच्या पायरीवर, कॅरमच्या बोर्डावर रोज भेटणारी माणसे असतीलच. या आठवड्यात एक काम करा. ज्याच्यासोबत तुम्ही विडी ओढता त्यालाच विचारा, "दोघे मिळून एकवीस दिवस काढू या का?" तो हो म्हणाला तर तारीख ठरवा. नाही म्हणाला तर निदान तुमच्यासमोर ओढू नको, एवढे मागा.

आणि तुम्ही स्वतः ओढत नसाल, तर उद्या सकाळी सव्वासहाला कुणाचे तरी दार वाजवा.

जय भीम.